कृष्णाकाठची तार आणि कर्नलची कुरबुर

टेलिफोनचा रिसीव्हर उचलला की कानात जी किंचित थरथरती घरघर येते, ती साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या विश्रामबागेत एकच असते. अमेरिकेत मात्र ती ऐकू येत नाही. भारतीय डायल टोन 400 हर्ट्‌झचा, वर 25 हर्ट्‌झचा कंप चढवलेला. अमेरिकेतला सूर 350 आणि 440 हर्ट्‌झ मिळून बनतो आणि सपाट वाजतो. आपल्याकडे समोरचा फोन गुंतलेला असला की सूर पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. तिकडे अर्धा-अर्धा सेकंद. आपली घंटी लागोपाठ दोनदा वाजून मग दम खाते, म्हणून तर मराठीत फोन ‘ट्रिंग ट्रिंग’ वाजतो. घंटीची ही चाल ब्रिटिश वळणाची, आणि स्वातंत्र्यानंतरही कोणी बदलली नाही. बदलायचे कारणही नव्हते.

कारण निर्माण झाले ते या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा साध्या संगणकाकडून टेलिफोन एक्स्चेंजचे काम करून घेण्याची कल्पना रूढ झाली. मग या सगळ्या सवयी एका छोट्या फाइलमध्ये भारताच्या ‘आयएन’ या दोन अक्षरांखाली लिहाव्या लागल्या. ज्यांनी तिकडे लक्ष दिले नाही, त्यांच्या यंत्राने ग्राहकाने फोन ठेवल्यानंतरही तासन्‌तास लाइन धरून ठेवली. या यंत्रांच्या दुरुस्तीची गोष्ट नेहमी संगणकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती निम्मी तरी तारेची आहे, आणि तार समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

कृष्णाकाठच्या अनेक खेड्यांनी टेलिफोनची तार वापरण्याआधी तोडली. 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ची हाक दिली गेल्यानंतर जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचे सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे धरून, कचेऱ्यांवर मोर्चे निघाले; 3 सप्टेंबरला तासगावात, 9 सप्टेंबरला वडूजमध्ये. वडूजला गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि तारा तोडणे हे तिचे रोजचे काम बनले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी यांच्या लढ्यात रेल्वे आणि तार ही दोन लक्ष्ये पुन्हा पुन्हा येतात. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली गेली, तीही पुणे-मिरज मार्गावर. पोलीस ठाण्याचा आवाज मुंबईपर्यंत पोचतो तो या खांबांवरून, हे शाळेची पायरी न चढलेल्या पोरांनाही पक्के कळत होते.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशभरात मिळून एक लाखही टेलिफोन नव्हते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, साखर कारखाने उभे राहिले. पण फोन म्हणजे कलेक्टर कचेरी, ठाणे, कारखान्याचे ऑफिस, एखादा डॉक्टर आणि बाजारातल्या मोजक्या पेढ्या. सांगलीला हळदीचा वायदेबाजार होता. बाहेरगावचा भाव कळायला ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर. लाइटनिंगचा भाव परवडणारा माणूस सहसा घाईत नसे, अशी त्या व्यवस्थेची गंमत.

पुढे आपोआप चालणारी एक्स्चेंजेस आली. त्यांच्या जन्माची कथा जगभर चवीने सांगतात. आल्मन स्ट्रौजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. टेलिफोन ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय आला, आणि त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र शोधले. 1891 साली त्याला पेटंट मिळाले. डायल फिरवला की एकेका आकड्याच्या तितक्याच ठोक्यांनी यंत्रातला दांडा वर चढतो, मग बाजूला सरकतो. भारतात ही यंत्रे बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवली. तो कारखाना 1948 चा. स्ट्रौजर एक्स्चेंजमधला जुना मेकॅनिक बिघाड कानाने पकडे. शेकडो दांड्यांच्या खडखडाटात एक दांडा चुकीच्या तालात पडला की तो उठून बरोबर त्या रॅककडे जाई.

1960 मध्ये कानपूर-लखनऊ दरम्यान देशातली पहिली थेट ट्रंक सेवा सुरू झाली. ती पसरत पसरत इकडे आली आणि गावागावाला कोड मिळाले. सांगली-मिरजेचा 0233, साताऱ्याचा 02162, कराडचा 02164, वाईचा 02167, इस्लामपूरचा 02342, विट्याचा 02347. सांगलीचा कोड एका आकड्याने आखूड आणि साताऱ्याचा लांब, म्हणजे सांगलीचे स्थानिक नंबर एका आकड्याने लांब. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही साताऱ्याच्या वाट्याला लांब कोड आला. सातारकर हे मनावर घेत नाहीत, निदान तसे दाखवत नाहीत.

खेड्यांत फोन नेला तो सी-डॉटने. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संशोधन संस्थेने 128 पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले आणि 1986 साली ते पहिल्यांदा चालू झाले कित्तूरला, सांगलीला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. हे कपाटाएवढे यंत्र उन्हात आणि धुळीत टिकण्यासाठीच घडवलेले होते. जतच्या किंवा माणच्या उन्हाळ्यात याचे मोल काय, हे सांगायला नको. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले, रात्री उशिरा पाव दर लागू झाला की बूथबाहेर रांग लागू लागली, आणि भिंतीवरच्या मीटरमध्ये लाल आकडे पळू लागले. समोरच्याने फोन उचलल्याचे त्या मीटरला कळावे म्हणून एक्स्चेंज तारेची धन आणि ऋण टोके क्षणात उलटी करी किंवा 16 किलोहर्ट्‌झचा ठोका पाठवी. टोके उलटण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे तिने बऱ्याच जणांची झोप उडवली.

आता गोष्ट अमेरिकेत जाते. तिथे जिम डिक्सन नावाच्या टेलिफोन सल्लागाराच्या ध्यानात आले की संगणकाचा प्रोसेसर आता इतका वेगवान झाला आहे की आवाजावरची सगळी प्रक्रिया त्याच्याकडूनच करून घेता येईल. संगणकात बसवायच्या टेलिफोन कार्डांवर त्या वेळी आवाज हाताळण्यासाठी वेगळ्या महागड्या चिप असत. डिक्सनने त्या काढूनच टाकल्या. त्याच्या ‘टॉर्मेंटा’ कार्डाचा आराखडा त्याने सर्वांना खुला केला आणि प्रकल्पाला मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झापाटाचे नाव दिले. त्यावरून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे ड्रायव्हरचे, नाव पडले ‘झॅपटेल’. नाना पाटलांच्या मुलखाला हे नाव परके वाटायचे कारण नव्हते.

त्याच सुमारास, 1999 मध्ये, अलाबामातल्या हंट्‌सव्हिलला मार्क स्पेन्सर हा तरुण लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीची मदतसेवा देणारी छोटी कंपनी चालवत होता. ऑफिससाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने स्वतःच एक लिहिले: ‘ॲस्टरिस्क’. डिक्सनचे कार्ड आणि स्पेन्सरचे सॉफ्टवेअर एकत्र आले; कंपनीचे नाव पुढे डिजियम झाले. 2008 मध्ये ‘झॅपटेल’ हे नाव दुसऱ्या एका कंपनीचे नोंदवलेले चिन्ह निघाल्यामुळे ड्रायव्हरला ‘डाहडी’ हे नवे नाव मिळाले. ज्यांनी वर्षानुवर्षे जुने शब्द टाइप केले होते, त्यांच्या बोटांना ते वळण लागायला वेळ लागला.

चिप काढून टाकल्याची किंमत मात्र होती, आणि दुरुस्तीचा सगळा धंदा त्या किमतीवर उभा राहिला. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला 8,000 नमुन्यांत मोजला जातो. झॅपटेल ते नमुने आठ-आठच्या गठ्ठ्याने उचली. म्हणजे कार्ड सेकंदाला 1,000 वेळा प्रोसेसरला हाक मारी, आणि दर हाकेला मिलिसेकंदाच्या आत ओ मिळालीच पाहिजे. हार्ड डिस्क त्याच वेळी मोठी फाइल लिहीत असेल, ग्राफिक्सचे कार्ड पडदा रंगवत असेल, किंवा यूएसबी आणि टेलिफोनचे कार्ड एकाच इंटरप्टवर, म्हणजे हाकेच्या एकाच वाटेवर, बसवलेले असेल, तर हाक वाया जाई. आवाजात टिकटिक येई, फॅक्स अर्धवट जाई. बिघाड कधीच जागेवर सापडत नसे. दुपारी बॅकअप चालू असताना होई आणि माणूस बघायला आला की नाहीसा होई.

उपायही तसेच चमत्कारिक. कार्ड एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालायचे. बायोसमध्ये न लागणारे सीरियल आणि पॅरलल पोर्ट बंद करायचे. डिस्कला ‘दुसऱ्याची हाक अडवू नको’ असे सांगणारी आज्ञा द्यायची. चित्रमय पडदा बंद करून काळ्या अक्षरपटावर यायचे. मग घड्याळाच्या अचूकतेची चाचणी चालवायची, आकडा 99.98 टक्क्यांच्या वर गेला तर चहा, खाली राहिला तर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर. स्ट्रौजरचा मेकॅनिक ज्या कानाने ताल ओळखी, तोच कान इथेही लागे. फरक इतकाच की दांडा आता दिसत नव्हता.

भारतीय तारेने या घोळात आपली भर घातली. अमेरिकेत फोन करणाऱ्याचा नंबर पहिल्या घंटीनंतर मोडेमच्या भाषेत येतो आणि ड्रायव्हर तेच गृहीत धरून लिहिलेला. इथल्या अनेक एक्स्चेंजमध्ये मात्र आधी तारेची टोके उलटत, मग बटणांच्या सुरांत नंबर येई आणि नंतर घंटी वाजे. घंटीची वाट पाहत बसलेल्या ड्रायव्हरला नंबर कधी येऊन गेला तेच कळत नसे. पुढे ॲस्टरिस्कच्या नमुना सेटिंगमध्ये ‘पोलॅरिटी’ या शब्दाला ‘आयएन’ जोडून एक खास भारतीय पर्यायच घालण्यात आला. पीसीओच्या मीटरसाठी उपयोगी पडलेली टोके उलटण्याची चाल अशी हंट्‌सव्हिलच्या फाइलमध्ये जाऊन बसली. तारेचा विद्युत स्वभाव सांगायला ड्रायव्हरमध्ये देशांची यादी होती. तिच्यात भारत होता, पण न सांगता निवडली जाई ती अमेरिका.

सर्वांत जास्त तक्रार असे ती अडकलेल्या लाइनची. दोन तारांच्या साध्या जोडणीवर समोरच्याने फोन ठेवला हे सांगणारा वेगळा निरोप अनेकदा येतच नाही. येतो फक्त गुंतल्याचा सूर. माणूस तो ऐकून रिसीव्हर ठेवतो. यंत्राला तो ऐकायला शिकवावे लागते: पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता, इतक्या वेळा झाले की फोन ठेव. अमेरिकेचा अर्धा सेकंद तसाच राहिला, तर चार लाइनी असलेल्या ऑफिसात दुपारपर्यंत चारही अडकत आणि गिऱ्हाइकाला दिवसभर ‘एंगेज’ लागे. मालकाचा समज असा की धंदा जोरात आहे.

आणखी एक जुनीच खोड म्हणजे प्रतिध्वनी. दोन तारांवर येणारे-जाणारे दोन्ही आवाज एकत्र धावतात; एक्स्चेंजमध्ये ते वेगळे करताना थोडा आवाज परत फिरतो. एरवी तो इतक्या लवकर परततो की कानाला कळत नाही. इंटरनेटवरून आवाज न्यायचा तर मध्ये उशीर होतो आणि आपलेच शब्द आपल्याला ऐकू येतात. ड्रायव्हरसोबत मिळणारी प्रतिध्वनी घालवण्याची सूत्रे चांगल्या तारेवर बरी चालत. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात जॉइंटमध्ये पाणी मुरलेल्या तारेवर काय चालणार? 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी ‘ऑस्लेक’ हे खुले सूत्र दिले आणि ते त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातही, शिरले. त्याने पुष्कळ फरक पडला. तरी ओला जॉइंट तो ओलाच, तो कोरडा करायला लाइनमनच लागे.

कर्नलचा खरा जाच अजून सांगायचाच आहे. लिनक्समध्ये ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा, ज्या कर्नलसाठी बांधलेले असते, त्याच्यावरच चालते. कर्नलची आवृत्ती जराशी पुढे सरकली की ते मॉड्यूल नाकारले जाते आणि पडद्यावर ‘मॉड्यूलचा नमुना अवैध’ अशा अर्थाची कोरडी ओळ येते. झॅपटेल हा मूळ कर्नलचा भाग नव्हताच. तो प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर बांधून घ्यायचा. 2000 नंतरच्या दशकातल्या महाराष्ट्रात हे प्रकरण वेगळेच वळण घेई. स्वयंचलित अद्ययावतीकरणाने नवे कर्नल गुपचूप येऊन बसलेले असे, पण यंत्र बंद होईपर्यंत जुनेच चालू राही. यंत्र बंद करी ते भारनियमन. ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसण्याचा तो काळ. यूपीएसची बॅटरी संपली, वीज आली, यंत्र नव्या कर्नलवर उठले, आणि टेलिफोन मुके. दोष वाटे विजेचा. खरे कारण आठवड्यांपूर्वी आलेल्या अपडेटमध्ये दडलेले असे. जाणकार आधी चालू कर्नलची आवृत्ती विचारी, मग मॉड्यूल कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाही, आणि दोन आकडे जुळले नाहीत की त्याला पुढचे काही विचारावे लागत नसे.

2006 साली तर बांधणीच होईना. सेंट-ओएस 4 या लोकप्रिय मोफत प्रणालीच्या एका कर्नलसोबत आलेल्या फाइलमध्ये ‘आर-डब्ल्यू-लॉक’ या नावात एक अंडरस्कोअर जास्त पडला होता. चूक झॅपटेलची नव्हती, कर्नलच्या मथळा-फाइलची होती. आणि तो भाग वापरणारी बाहेरची मॉड्यूले अडकली. उपाय एका ओळीचा: ते जास्तीचे चिन्ह काढून टाकणारी आज्ञा. ती ओळ जगभरच्या टेलिफोनवाल्यांनी पाठ केली.

काही बिघाड मात्र अगदी साधे असत. डिजियमच्या चार पोर्टांच्या कार्डावर घरगुती फोन जोडायचा तर त्याला घंटीची वीज लागते, आणि ती संगणकाच्या वीजपुरवठ्यातून चार पिनांच्या वायरीने द्यायची असते. ती वायर लावायची राहून गेली की पोर्ट चालूच होत नसे. ड्रायव्हर पुन्हा बांधण्यात दिवस घालवलेल्यांना हे कळल्यावर होणारा चेहरा सर्व देशांत सारखाच.

मोठ्या जोडणीसाठी बीएसएनएलची प्रायमरी रेट लाइन येई. एका जोडणीत 30 संभाषणे, वर एक कप्पा ताळमेळाचा आणि एक निरोपांचा. वेग सेकंदाला 2.048 मेगाबिट. अमेरिकेतल्या अशाच जोडणीत 24 कप्पे. म्हणून डिजियमच्या अनेक कार्डांवर एक इवलासा जंपर बदलावा लागे. त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. दोन टोकांपैकी घड्याळ कोणाचे मानायचे हे सेटिंगमधला एकच आकडा ठरवी. तो शून्य राहिला तर कार्ड स्वतःच्या घड्याळावर चाले, एक्स्चेंज आपल्या. दोघांत किंचित अंतर पडत जाई आणि थोड्या थोड्या वेळाने एखादा नमुना गळे. बोलणे बहुतेक ठीक, मध्येच ‘टक्’. निरोपांच्या कप्प्यात तोच घोटाळा झाला की तीसच्या तीस कॉल एकदम तुटत. घड्याळ नेहमी बीएसएनएलचे मानायचे, हा पहिला धडा होता; सरकारी घड्याळावर विसंबण्याचे असे प्रसंग भारतीय माणसाच्या आयुष्यात फार येत नाहीत.

ही विद्या इथल्या तरुणांच्या हाती कशी लागली, हेही या इतिहासात येते. सांगलीत 1947 साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तिथे विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे. कराडला 1960 पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, इस्लामपूरजवळ साखराळ्याला 1983 पासून राजारामबापूंच्या नावाची संस्था. ऊसपट्ट्यातल्या या तीन ठिकाणांहून निघालेली मुले पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत आणि कंपन्यांत जाऊन बसली.

कायदा मात्र मागून चालत होता. 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण इंटरनेटवरून आलेला आवाज देशातल्या साध्या टेलिफोन जाळ्यात उतरवायला बंदीच राहिली. एकाच यंत्रात टेलिफोनचे कार्ड आणि इंटरनेटची जोडणी दोन्ही असत, तेव्हा त्यांच्यामध्ये सेटिंगची भिंत उभी करणे ही जबाबदारी मालकाची. ही गाठ 2018 मध्ये सैल झाली. त्याच वर्षी जुलैत बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही इंटरनेटवरून कोणत्याही फोनला बोलण्याची सेवा आणली.

तोपर्यंत तारेचेच दिवस भरत आले होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोचली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जमिनीखालच्या तांब्याच्या जोड्यांना असा महापूर म्हणजे मरणच. 31 जानेवारी 2020 रोजी बीएसएनएलचे 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. तारांच्या जोडणीचा पिलर कुठे आहे, कोणती जोडी कोणत्या गल्लीत उतरते, कोणता जॉइंट पावसाळ्यात दगा देतो, हे ज्यांना पाठ होते त्यांच्यातले अनेक या यादीत होते. नकाशे कार्यालयात राहिले. पण जॉइंटची माहिती नकाशावर नसते.

संगणकाच्या बाजूनेही मॉड्यूलची गरज ओसरली. पूर्वी कार्ड नसलेल्या यंत्रालासुद्धा, एकापेक्षा अधिक माणसांची बैठक फोनवर घ्यायची तर, नुसत्या घड्याळासाठी झॅपटेलचे खोटे मॉड्यूल चढवावे लागे. कर्नलमध्येच नेमके घड्याळ मिळू लागल्यावर 2009 नंतरच्या ॲस्टरिस्कला त्याची निकड राहिली नाही. 2018 मध्ये डिजियम कॅनडाच्या सँगोमा कंपनीने विकत घेतली. जुने कार्ड ज्या पीसीआय खाचेत बसे, ती खाच नव्या मदरबोर्डांवर येईनाशी झाली. घरात फायबर आला, आवाज राउटरमधून निघू लागला आणि तक्रारीचे रूप पालटले: फोन लागतो, पण एकाच बाजूचे ऐकू येते. त्याचे कारण बहुधा राउटरच्या मेनूतली ‘सिप एएलजी’ नावाची एक मदतनीस सोय असते, आणि ती बंद केली की काम होते. ज्यांच्याकडे तांब्याची जोडी अजून जिवंत आहे, ते तिला आता संगणकाबाहेरच्या छोट्या गेटवे पेटीत खोचतात. कर्नल बदलले तरी त्या पेटीला काही होत नाही. देश निवडायचा रकाना मात्र तिच्या मेनूतही आहे, आणि पुष्कळ पेट्या कारखान्यातून ‘यूएसए’ ठरवूनच येतात.